ओंबी भरण्याचे दिवस

१८८० सालच्या दुष्काळ आयोगापासून आजतागायत आपल्या राज्यकारभाराने पीकहानीचा जो काही विचार केला आहे, तो मुख्यतः पाण्याचा विचार आहे. पाऊस किती पडला आणि किती लांबला, विहिरींना पाणी किती राहिले, गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली की बाहेर राहिली, आणि त्यानुसार शेतसाऱ्याची तहकुबी, सूट अथवा तगाई यांचा हुकूम कोणत्या तालुक्यास लागू करावा, या साऱ्या व्यवहाराची घडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने बसलेली असून, अवर्षण म्हणजे काय हे मामलेदार कचेरीतल्या कारकुनापासून मंत्रालयापर्यंत सर्वांस सारखेच समजते. परंतु पाटाला पाणी आहे, खताची मात्रा वेळेवर पडली आहे, रोग नाही, कीड नाही, शेत दृष्ट लागावी असे उभे आहे, आणि तरीही ऐन भरणीच्या दिवसांत हवेचा ताप चार-सहा अंशांनी चढल्यामुळे ओंबीतला दाणा अर्धामुर्धा भरूनच वाळतो, अशा प्रकारची हानी या घडीत कोठेच बसत नाही. अतिउष्णतेचा अन्नधान्याच्या उत्पादनावर होणारा परिणाम हा विषय गेल्या पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी पुष्कळ खोलवर तपासला आहे. त्या तपासाचा मागोवा घेताना मनाशी जे दृढ होत गेले ते असे, की हा प्रश्न पिकाच्या वेळापत्रकाशी फार जवळून निगडित आहे, आणि ते वेळापत्रक बऱ्याच अंशी माणसाने, त्याच्या कायद्यांनी, खरेदीच्या भावांनी व पिकांच्या निवडीने ठरवलेले आहे.

या विवेचनास आधारभूत म्हणून २०२२ चा गव्हाचा हंगाम घेणे सोयीचे होईल. त्या वर्षीच्या मार्चमध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१० अंश सेल्सिअस इतके नोंदले गेले. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका तप्त मार्च दुसरा नव्हता. त्याच महिन्यात पाऊसही सरासरीहून ७१ टक्क्यांनी कमी झाला, त्यामुळे वळवाच्या एखाद्या सरीने हवा निवण्याची जी आशा असते तीही फोल ठरली. फेब्रुवारीपर्यंत पीक उत्तम होते, इतके उत्तम की केंद्रीय कृषिखात्याने त्या सुमारास १११३ लाख टन गव्हाचा, म्हणजे विक्रमी उत्पादनाचा, अदमास जाहीर केला होता. मे महिन्यात तोच अदमास १०६४ लाख टनांवर आला, आणि अखेरचा सरकारी आकडा १०७७ लाख टन ठरला. आदल्या वर्षीचे उत्पादन १०९६ लाख टन होते हे ध्यानात घेतले, तर घट फार मोठी वाटत नाही. व्यापाऱ्यांचे अंदाज मात्र सरकारी आकड्यांहून बरेच खाली होते. पंजाबात हेक्टरी उतारा आदल्या वर्षाच्या मानाने दहा टक्क्यांहूनही अधिक घटला. बाजारात आलेला दाणा इतका सुरकुतलेला होता, की खरेदीच्या निकषांत आक्रसलेल्या व तुटक्या दाण्यांची सहा टक्क्यांची मर्यादा पंजाब आणि हरियाणासाठी अठरा टक्क्यांपर्यंत सैल करणे सरकारला भाग पडले. माझ्या मते उत्पादनाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा हाच दाखला अधिक बोलका आहे, कारण आकड्यांविषयी वाद होऊ शकतो, पण खरेदीकेंद्रावर पसरलेल्या धान्याच्या राशीविषयी होऊ शकत नाही.

१३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. सरकारी खरेदी आदल्या वर्षी ४३३ लाख टन होती, ती १८८ लाख टनांवर घसरली, आणि मोफत धान्ययोजनेत काही राज्यांना गव्हाऐवजी तांदूळ देण्याची तजवीज करावी लागली. न्यायाने बोलायचे तर या घसरणीचा सगळा दोष उन्हाच्या माथी मारता येणार नाही. युक्रेनमधील युद्धामुळे जगाच्या बाजारात गव्हाचे भाव भडकले होते आणि क्विंटलला २०१५ रुपये या हमीभावाहून चढा भाव व्यापारी बांधावर येऊन देत होते, तेव्हा शेतकऱ्याने सरकारी केंद्राची वाट का धरावी? परंतु एक उष्ण महिना व एक परदेशातील युद्ध यांचा योग जुळून आला की सव्वाशे कोटींहून अधिक लोकांच्या देशाला आपले धान्यविषयक धोरण काही आठवड्यांत उलटे फिरवावे लागते, एवढे त्या वर्षाने निःसंशय दाखवून दिले. असाच प्रसंग २०१० मध्ये रशियावर आला होता. त्या उन्हाळ्यातील उष्णतेने व अवर्षणाने तेथील धान्याचे उत्पादन ९७० लाख टनांवरून सुमारे ६१० लाख टनांवर आले, ऑगस्टमध्ये निर्यातबंदी झाली, आणि आयातीच्या गव्हावर जगणाऱ्या दूरदूरच्या देशांना तिची झळ लागली.

आता उष्णता दाण्याचे नेमके काय करते ते पाहू. गहू हे मूळचे थंड ऋतूचे पीक. उत्तर भारतात ते कार्तिकात पेरले जाते, माघ-फाल्गुनात फुलोऱ्यावर येते आणि वैशाखीच्या सुमारास कापणीस लागते. फुलोऱ्यानंतरचे महिना-सव्वा महिन्याचे दिवस हा दाणा भरण्याचा काळ. या काळात पंधरा ते वीस अंशांच्या आसपासचे सरासरी तापमान त्यास सर्वांत मानवते. तापमान त्याहून जसजसे वर जाते, तसतशी वनस्पतीच्या अंतर्गत व्यवहारांची गती वाढते, आणि दर अंशामागे भरणीचे दोन-तीन दिवस कमी होतात. गती वाढल्याने दाणाही तितक्याच लवकर भरेल असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु पिष्टमय द्रव्य तयार करणारी विकरे उष्णतेस फार हळवी असल्याने भरण्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, मुदत तेवढी आखडते, आणि वजन घटते. तापमान चौतीस-पस्तीस अंशांपलीकडे गेले, की पानांतील हरितद्रव्यच ढासळू लागते आणि पीक वेळेआधी पिवळे पडते. हे पिवळेपण पिकण्याचे नसून म्हातारपणाचे असते, आणि बांधावरून पाहणाऱ्या अनोळखी माणसास या दोहोंतील भेद कळत नाही. चीक भरण्याच्या अवस्थेत हा ताप आला तर हानी सर्वाधिक. दाणा टणक होऊ लागल्यावर आला तर ती बरीच कमी. पंजाबनंतर पेरणी होणाऱ्या बिहारच्या शेतात आणि पंजाबच्या आधी कापणीस येणाऱ्या माळव्याच्या शेतात त्याच मार्चचा परिणाम वेगवेगळा का होतो, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

या ज्ञानाला आकड्यांची जोड देणारे संशोधन विपुल आहे. सुरेश सिन्हा व एम. एस. स्वामिनाथन यांनी १९९१ मध्येच असा हिशेब मांडला होता, की हिवाळ्याचे तापमान अवघ्या अर्ध्या अंशाने वाढले तरी वायव्य भारतातील गव्हाची मुदत सात दिवसांनी आणि उतारा हेक्टरी साडेचार क्विंटलांनी घटेल. मार्च २००४ मध्ये गंगा-यमुनेच्या मैदानात तापमान नेहमीपेक्षा तीन ते सहा अंशांनी चढले; तेव्हा पीक दहा ते वीस दिवस आधी पिकले आणि देशाचे उत्पादन चाळीस लाख टनांहून अधिक घटले. म्हणजे हिशेबाची प्रचीती यायला फार वर्षे लागली नाहीत. पुढे २०१२ मध्ये डेव्हिड लोबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ वर्षांची उपग्रहचित्रे तपासून दाखवले, की चौतीस अंशांवरील दिवस वाढले की उत्तर भारतातील गव्हाचे शेत किती लवकर सुकते, आणि संगणकावरील पीकप्रतिमाने ही हानी प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी धरतात. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार जागतिक सरासरी तापमानातील प्रत्येक अंशाच्या वाढीमागे गव्हाचे उत्पादन ६ टक्क्यांनी, तांदळाचे ३.२, मक्याचे ७.४ व सोयाबीनचे ३.१ टक्क्यांनी घटते. हे आकडे उपयुक्त आहेत, पण त्यांत एक धोकाही आहे. सरासरीच्या आकड्यात हानी वर्षावर्षांत व गावागावांत सारखी वाटून दिल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात ती आठ-दहा दिवसांच्या लाटेत, काही जिल्ह्यांत आणि मुख्यत्वे उशिरा पेरलेल्या शेतांत एकवटते.

आणि पेरणी उशिरा का होते, हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून त्याजवर जरा सविस्तर लिहिले पाहिजे. पंजाब-हरियाणात गव्हाच्या आधी भात असते. ते तेथील पारंपरिक पीक नव्हे. हरितक्रांतीनंतर हमीभावाने, खात्रीच्या सरकारी खरेदीने व कूपनलिकांच्या विजेने तेथे त्याचा पाय रोवला. भूजल झपाट्याने खाली जाऊ लागले, तेव्हा पंजाब सरकारने २००९ मध्ये भूजल संरक्षणाचा कायदा करून ऐन उन्हाळ्यात भाताची रोपलावण करण्यास मनाई केली व लावण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ढकलली. पाण्याच्या दृष्टीने कायदा योग्यच होता. परंतु लावण लांबली तशी कापणीही लांबली, पुसा ४४ सारख्या पाच महिन्यांहून अधिक मुदतीच्या भाताची कापणी तर ऑक्टोबरच्या अखेरीवर गेली, आणि भात निघणे व गहू पेरणे यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांची फट उरली. त्या फटीत शेत मोकळे करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे काडीमोडी जाळणे, म्हणून दिल्लीच्या आकाशात धूर. आणि एवढे करूनही ज्याची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापलीकडे जाते, त्याचा गहू मार्चच्या उन्हात चीक भरत उभा राहतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरणीस होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या उशिरामागे उताऱ्यात साधारण एक टक्क्याच्या आसपास घट येते, असे त्या प्रदेशातील प्रयोग सांगतात. म्हणजे भूजल, धूर आणि उष्णतेने आक्रसलेला दाणा या वर्तमानपत्रांत तीन निरनिराळ्या पानांवर छापल्या जाणाऱ्या बातम्या मुळात एकाच वेळापत्रकाच्या आहेत. बिहार व पूर्व उत्तर प्रदेशात तर स्थिती याहून बिकट. तेथे भाताची लावणच मोसमी पावसाची वाट पाहत लांबते, गहू डिसेंबरात पेरला जातो, आणि गव्हाला उष्णतेपासून वाचवायचे तर आधी भाताची तारीख अलीकडे आणली पाहिजे, हे तेथील अलीकडच्या अभ्यासांनी स्पष्ट केले आहे.

यावर उपाय नाहीत असे नाही. उभ्या काडातच न नांगरता पेरणी करणारी हॅपी सीडरसारखी यंत्रे आहेत. पीआर १२६ सारखी तीन-चार आठवडे आधी निघणारी भाताची वाणे आहेत, आणि पुसा ४४ ला मज्जाव करण्याचे धोरण पंजाबने अलीकडे पत्करले आहे. गव्हाच्या बाजूने दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने व कर्नालच्या गहू संशोधन संस्थेने केलेले काम विशेष लक्षणीय वाटते. गहू नुसता लवकर पेरून भागत नाही, कारण ऑक्टोबरच्या उबेत उगवलेले साधे वाण घाईने फुलोऱ्यावर येते व जानेवारीच्या कडाक्यात सापडते. म्हणून थंडीचे काही दिवस अंगावर घेतल्यावाचून न निसवणारे, पण फेब्रुवारीत निसवून मार्चच्या मध्यापर्यंत दाणा भरून घेणारे वाण हवे. २०२३ मध्ये पुढे आलेले एचडी ३३८५ या विचारातून घडले आहे. १९०१ पासूनच्या तोवरच्या नोंदींतील सर्वांत तप्त फेब्रुवारी त्याच २०२३ साली आला, आणि सरकारने गव्हाच्या देखरेखीसाठी समिती नेमून सायंकाळी हलके पाणी देण्याचा व पालाशयुक्त खताची विरळ फवारणी करण्याचा सल्ला दिला. हलक्या पाण्याने पिकाच्या आतील हवा एक-दोन अंशांनी निवते, हे खरे. पण वारा सुटला असता दिलेल्या पाण्याने ओंब्यांनी जड झालेले पीक लोळते, हेही प्रत्येक शेतकरी जाणतो. आणि मुळात हे पाणी त्याच आटत्या भूजलातून यायचे आहे. उष्णता सहन करीत झुंजणाऱ्या वाणापेक्षा उष्णतेच्या आधी काम उरकणारे वाण व त्यास साजेशी पेरणी यांवर माझा अधिक भरवसा आहे.

तांदळाची कथा निराळी आहे. भात उष्ण देशांचे पीक, त्यास पस्तीस अंशांचे भय कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याचे फूल सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास तासाभरासाठी उघडते आणि त्या तासात तापमान पस्तीस अंशांवर असेल तर परागकोश नीट फुटत नाहीत, पराग गळत नाही, आणि लोंबीवर दाण्याऐवजी रिकामी फोले राहतात. कोकणातला शेतकरी ज्याला पळींज म्हणतो, तो प्रकार केवळ किडीने वा वाऱ्याने होत नाही. यांगत्झेच्या खोऱ्यात २००३ च्या उन्हाळ्यात असे फार मोठ्या क्षेत्रावर झाले. परंतु ऑस्ट्रेलियाच्या रिव्हरिना प्रदेशात याहून कडक उन्हातही भात चांगला फळतो, कारण तेथील हवा कोरडी असल्याने पाण्यात उभे पीक बाष्पोत्सर्जनाने स्वतःला पुष्कळ निववू शकते, तर यांगत्झेच्या दमट हवेत त्याला तसे करता येत नाही. तापमापकावरचा आकडा सारखा असूनही पिकाला लागणारा ताप वेगळा असतो. दमट किनारपट्टीच्या मुलखांनी ही गोष्ट विशेष ध्यानी धरावी. या आघाडीवर आशा लावणारे जे वाण जगभरच्या प्रयोगांत वापरले जाते, ते नगिना २२ आपल्याकडचेच, उत्तर प्रदेशातील नगिन्याचे, जुने व दिसायला साधे. पहाटे लवकर फुलणाऱ्या रानभाताचा गुणधर्म लागवडीच्या भातात उतरवण्याचा प्रयत्नही फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत झाला आहे, आणि तोही पुन्हा वेळेचाच उपाय आहे, फक्त महिन्यांऐवजी तासांचा.

भाताच्या बाबतीत दिवसाहून रात्र अधिक घातक ठरू शकते, हे याच संस्थेच्या लॉस बान्योस येथील नोंदींनी दाखवले. १९७९ ते २००३ या काळात तेथील रात्रीचे किमान तापमान एक अंशाहून अधिक वाढले, आणि कोरड्या हंगामात रात्रीच्या प्रत्येक अंशाच्या वाढीमागे उतारा सुमारे दहा टक्क्यांनी घटताना दिसला. दिवसा कमावलेले शर्कराद्रव्य रात्रीच्या श्वसनात खर्ची पडते, आणि रात्र उबदार असेल तर हा खर्च वाढतो. आपल्या हवामानवृत्तांत दुपारच्या उच्चांकाची जेवढी चर्चा होते, तिच्या दशांशानेही पहाटेच्या किमान तापमानाची होत नाही. उतारा टिकला तरी दर्जा ढासळतो, ही आणखी एक बाजू. गरम रात्रींत भरलेला तांदूळ पांढुरका, पोटात खडूसारखा होतो व गिरणीत तुटतो. जपानमधील निइगाता प्रांताच्या कोशिहिकारी तांदळात २०२३ च्या उन्हाळ्यानंतर पहिल्या प्रतीचा माल जवळजवळ दुर्मिळ झाला, आणि पुढच्या वर्षी त्या देशात तांदळाची जी टंचाई व भाववाढ झाली, तिच्या कारणांत या उन्हाळ्याचीही गणना होते.

मक्याविषयी थोडक्यात इतकेच, की त्याचा पराग तुऱ्यावर आणि स्त्रीकेसर खाली कणसावर असल्याने उष्णतेने दोघांची वेळ चुकली तर कणीस अर्धे बोडके राहते. अमेरिकेत एकोणतीस अंशांपर्यंत तापमान मक्यास पोषक व त्यापलीकडे झपाट्याने घातक, असे २००९ च्या प्रसिद्ध अभ्यासात आढळले. आफ्रिकेतील वीस हजारांहून अधिक चाचण्यांच्या विश्लेषणात तीस अंशांवरील प्रत्येक अंशदिवसामागे उताऱ्यात एक टक्का, आणि पाण्याचाही ताण असेल तर १.७ टक्के घट दिसली. उष्णता व तहान एकत्र आल्या की हानीची नुसती बेरीज होत नाही, ती चढत जाते. आणि मका हेच ज्यांचे मुख्य अन्न, अशा पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील कुटुंबांकडे पाटाचे पाणी बहुधा नसते.

हवेतील कर्बवायू वाढल्याने पिके जोमाने वाढतील व उष्णतेची हानी भरून निघेल, असा एक युक्तिवाद वारंवार केला जातो. गहू-भाताला त्या वायूचा काही लाभ होतो, हे उघड्या शेतातील प्रयोगांनी सिद्ध केलेले आहे. परंतु त्याच वायूमुळे पानांची रंध्रे अंशतः मिटतात, बाष्पोत्सर्जन कमी होते आणि पीक स्वतःला तितकेसे निववू शकत नाही. शिवाय अशा धान्यात जस्त व लोह घटते, आणि ज्याच्या ताटात पोळी वा भात हाच मुख्य घास आहे त्याचे नुकसान तेथेच होते. या युक्तिवादावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध दुहेरी आहे. रेशनच्या गव्हामुळे गेल्या काही दशकांत मराठी ताटातली भाकरी मागे सरली आणि पोळी पुढे आली, त्यामुळे पंजाब-हरियाणाचा मार्च कसा जातो याचा परिणाम सोलापूर वा नांदेडच्या घरापर्यंत पोहोचतो. दुसरीकडे आपल्या राज्यात स्वतःचा गहू आहेच, पण तो गव्हाच्या मुलखाच्या अगदी दक्षिण सीमेवर, आखूड थंडीच्या भरवशावर उभा आहे, आणि त्याचा हेक्टरी उतारा पंजाबच्या निम्म्याहूनही कमी आहे. थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत ज्याचे किमान तापमान हटकून छापून येते, त्या निफाडला गहू संशोधन केंद्र असावे यात काही योगायोग नाही. तेथील एनआयएडब्ल्यू ३४ हे वाण उशिराच्या बागायती पेरणीसाठीच शिफारसलेले आहे, आणि तशा वाणाची गरज का पडते हे शिवारात पाहावे: कपाशीची शेवटची वेचणी, लांबलेले सोयाबीन वा ऊस यांमुळे शेत मोकळे होईपर्यंत डिसेंबर उजाडतो. भाताच्या जागी येथे कपाशी वा ऊस, एवढाच फरक; वेळापत्रकाचा पेच तोच.

या पार्श्वभूमीवर रब्बी ज्वारीकडे पाहिले तर जुन्या शेतकऱ्याच्या शहाणपणाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. हस्ताच्या पावसाच्या ओलीवर पेरलेली, काळ्या जमिनीतील ओल खोल मुळांनी उपसत, मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत निसवणारी आणि ऊन चढण्याच्या आत हुरड्यावर येणारी मालदांडी ही उष्णतेला तोंड देत नाही, ती उष्णतेच्या आधी निघून जाते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रात निवडलेले एम ३५-१ हे वाण इतक्या दशकांनंतरही मंगळवेढ्यापासून मराठवाड्यापर्यंत टिकून आहे, ते काही केवळ भाकरीच्या चवीमुळे नाही. बाजरीची कणखरता तर याहून मोठी. गुजरात व राजस्थानात उन्हाळी बाजरी बेचाळीस अंशांवरील हवेत फुलून दाणा धरते, आणि पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने अशा वाणांची पारख करून ठेवली आहे. ज्यांना आपण कित्येक वर्षे गरिबाचे धान्य म्हणून बाजूस सारले, त्या पिकांखालचे क्षेत्र राज्यात घटत गेले, हे खेदाने नमूद करावे लागते. अर्थात ज्वारीसही निर्धोकपणा लाभलेला नाही: परतीचा पाऊस लांबला की पेरणी लांबते, आणि उशिरा पेरलेली ज्वारी फेब्रुवारीच्या चढत्या उन्हात, भेगाळलेल्या जमिनीत दाणा भरत राहते.

शेतात राबणाऱ्या माणसाचा विचार पिकाच्या विचारापासून वेगळा ठेवता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार उष्णतेच्या ताणामुळे २०३० पर्यंत भारतातील कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील, आणि त्याचा मोठा वाटा शेतीचा व बांधकामाचा असेल. कापणी, मळणी, खुरपणी या कामांत स्त्रियांची संख्या मोठी, त्यांची मजुरी दिवसावर वा उक्त्यावर. दुपारचे चार तास सोडून द्यावे लागले तर मजुरी तेवढी जाते, आणि न सोडावे तर प्रकृती जाते. धान्य घटल्याचा आकडा कोठे ना कोठे लिहिला जातो, हा मजुरीचा व प्रकृतीचा आकडा मात्र कोणाच्याच दप्तरी जमा होत नाही.

आता पुन्हा प्रशासनाकडे वळू. आपत्तीनिवारण निधीतून मदत देण्यासाठी २०२१ ते २०२६ या काळास लागू केलेल्या राष्ट्रीय यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, किडीचे आक्रमण आणि हिमकडाका व थंडीची लाट यांचा समावेश होता. उष्णतेची लाट त्यात नव्हती. पंतप्रधान पीकविमा योजना मंडळाच्या सरासरी उताऱ्यावर चालते. उंबरठा उतारा मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीस ७० ते ९० टक्क्यांचा जोखीमस्तर लावून ठरतो, तेव्हा उष्णतेने होणारी दहा-बारा टक्क्यांची घट बहुतेकदा त्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहते. शिवाय अशी घट दर दोन-तीन वर्षांनी येऊ लागली, की सरासरीही हळूहळू उतरते आणि भरपाईचा हक्क आणखी दूर जातो. पंजाबात तर २०२२ मध्ये ही योजना लागूच नव्हती. वास्तविक साधनांची उणीव नाही. जळगावच्या केळीस हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास भरपाई मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे तापमापकाच्या नोंदीवर नुकसानी देण्याची पद्धत राज्यात अंगवळणी पडलेली आहे. महावेध प्रकल्पाखाली दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत आणि ती दिवसाचेही तापमान नोंदतात, रात्रीचेही. कोणत्या गटात कोणते पीक केव्हा पेरले, हे शेतकरी स्वतः ई-पीक पाहणीत लिहितो. या दोन नोंदी एकमेकींशी जोडल्या, तर निफाड तालुक्यात पाच डिसेंबरला पेरलेल्या गव्हावर चीक भरण्याच्या कोणत्या आठवड्यात चौतीस अंशांवरील किती दिवस आले, हे तलाठ्याला बांधावर न जाताही सांगता येईल. आणि गव्हासाठी व रब्बी ज्वारीसाठी असा विमा आखण्याचे काम राज्याच्या कृषिखात्याने, चारही कृषी विद्यापीठांतील पीकशास्त्रज्ञांस हाताशी धरून, येत्या रब्बीच्या आत हाती घेतले पाहिजे.